चंद्रीचा चीक

“आजोबा, आपण पाड्यावर दिलेला रेडा नांगराला जुंपलेला तुम्ही शेवटचा कधी बघितलात?”

प्रश्न माईकमधून गेला, आंब्याच्या फांदीला टांगलेल्या स्पीकरमधून बाहेर पडला आणि गोठ्यातल्या म्हशींनीसुद्धा माना वर केल्या. मांडवात बसलेले कल्याण-डोंबिवलीचे पाहुणे हसले. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग असणार. नेहालाही त्यांना तसंच वाटायला हवं होतं. शुक्रवारी धसईच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना मैत्रिणींनी पैज लावली म्हणून आपण हे विचारतोय, असं माईकवर कसं सांगणार?

रुपाची पैज सोपी होती. माईकवर म्हशीसारखं रेकून दाखव म्हणाली. पण रोशनी बराच वेळ चपलेच्या टोकाने माती उकरत बसली होती. मग मान वर न करताच म्हणाली, “हिंमत आसंल तं तुज्या आजोबांना रेड्यांचं विचार. सगळ्यांसमोर. मी सांगते तसंच्या तसं.”

“एवढंच?” नेहा म्हणाली होती. “अगो, हे तर काहीच नाय!”

आणि खरंच, नेहाला आता कशाचंच काही वाटत नव्हतं. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणताना तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. यंदा नववीत मराठीच्या बाईंनी तिला ढकलून तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत उभी केली, ‘आमच्या चार पिढ्यांचा गोठा’ या विषयावर ती सात मिनिटं बोलली आणि मुरबाडहून पहिला नंबर घेऊन आली. तेव्हापासून दर रविवारी माईक तिच्याच हातात. बाबा पूर्वी पाहुण्यांना गोठा दाखवायचे ते म्हणजे “ही म्हैस, ही पण म्हैस” असं. नेहा बोलायला लागली की लहान पोरंसुद्धा मोबाईल खाली ठेवायची.

भाषण तिला झोपेतही आलं असतं. हा धाकलूचा गोठा. धाकलू म्हणजे माझे पणजोबा, दुधाच्या बरण्या कावडीला लावून मुरबाडपर्यंत चालत जायचे. एका वर्षी ऐन लावणीत त्यांचा रेडा चिखलात बसला तो उठलाच नाही. तेव्हा वरच्या पाड्यावरचा मंगळू आपला रेडा घेऊन खाली उतरला आणि स्वतःचं शेत मागे ठेवून आमची चार खाचरं नांगरून गेला. त्या दिवशी पणजोबांनी शब्द दिला की या गोठ्यात जन्मलेला एकही रेडा विकला जाणार नाही. तो कुंकू लावून, नारळासकट वरच्या पाड्याला दिला जाईल. तो शब्द, मंडळी, आम्ही आजही पाळतो!

इथे नेहमी टाळ्या पडत. आजही पडल्या होत्या. आणि त्या टाळ्यांच्या पाठोपाठ तिने पैजेचा प्रश्न विचारून टाकला होता.

आजोबा मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले. कुंडलिकआजोबांची ही जागा ठरलेली. गुडघे गेल्यापासून, म्हणजे सहा-सात वर्षं तरी, ते गोठ्यात उतरले नव्हते. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, आल्यागेल्याला रामराम. प्रश्न ऐकून ते हसले. उत्तर द्यायला तोंड उघडलं.

“शेवटचा...” ते म्हणाले. “शेवटचा मी... रे जयराम, तो कपाळावर पांढरा ठिपका व्हता तो. तो कवाचा?”

बाबा गोठ्याच्या दारात बादली घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

“लई दिवस झाले,” आजोबा माईकपासून तोंड बाजूला करत म्हणाले. “आसतील वर मंगळूच्या सुनेकडं, गोजरकडं. सहा-सात तरी आसतील आता. जाऊन बघून ये की तूच.”

“आम्हाला दाखवाल का?” पहिल्या रांगेतला चष्मेवाला काका म्हणाला. “खरा नांगर, खरा रेडा. मुलांनी बघितलेलाच नाही.”

“पुढच्या रविवारी नक्की!” नेहा माईकवर म्हणाली. “पाड्यावरून आमचा रेडा येईल, नांगरासकट!” रुपा मांडवाच्या खांबाला टेकून मोबाईलवर सगळं टिपत होती. तिने अंगठा दाखवला. रोशनी तिच्या शेजारी होती. तिने काहीच दाखवलं नाही.

“खरवस घ्या, खरवस,” बाबा एकदम मोठ्याने म्हणाले आणि जवळून जाताना नेहाला हळूच, “पाहुण्यांफुडं नाय ते प्रश्न काढायचे नाय. काय?”

खरवसाला रांग लागलीच. त्यासाठीच तर लोक इतक्या लांब यायचे. वीस म्हशींच्या गोठ्यात हिवाळाभर कोण ना कोण व्यालेली असतेच, आणि आईच्या हातचा गुळाचा, वेलचीचा, थरथरणारा खरवस म्हणजे गोठ्याची जान. आज चंद्री पहाटे व्याली होती. रेडकू झालं, काळंभोर, कानाच्या टोकांना तांबूस केस. नेहाने उजाडताच त्याच्या गळ्यात लाल दोऱ्यात ओवलेलं घुंगरू बांधलं होतं. चौथीत असल्यापासून ती प्रत्येक रेडकाला घुंगरू बांधायची. दर वर्षी म्हसा गावच्या जत्रेतून ती डझनभर घुंगरं आणायची, पितळेची, मुगाच्या वड्याएवढी. याचं नाव तिने ठेवलं सरदार. उद्या रोशनीचा बाप हरेश मोटारसायकल घेऊन येईल, पोत्यात गुंडाळून सरदारला पुढ्यात घेईल, आई कुंकू लावेल आणि सरदार वरच्या पाड्याचा होईल.

“खरवस म्हणजे आईची पहिली माया,” नेहा वाट्या भरता भरता म्हणाली. हे वाक्य भाषणातलंच. परीक्षकांनी याच वाक्याला मान डोलावली होती. तिने स्वतः दोन वाट्या खाल्ल्या.

जेवणं उरकली तशी ती रोशनीला म्हणाली, “चल. आत्ताच जाऊ तुझ्याकडे. कुठला रेडा आणायचा ते ठरवून टाकू.”

“आता?”

“मग काय शनिवारी? त्याला माणसांची सवय करायला नको?”

रोशनी यंदाच आश्रमशाळा सोडून धसईच्या हायस्कुलात आली होती. नेहाकडे ती दर रविवारी वाट्या विसळायला यायची, पण नेहा तिच्या घरी अजून एकदाही गेली नव्हती. ओढा ओलांडायचा, मग अर्धा तास चढ. रोशनी पुढे, नेहा मागे. नेहाचं तोंड अर्थातच चालू होतं. कोणकोण मोठे झाले असतील, ढग्या आता किती उंच असेल, भोपळ्या तर जन्मतःच एवढा होता. रोशनी एकदाही वळली नाही. वाटेत उतरंडीची लहान लहान खाचरं लागली. त्यातल्या एकात दोन बाया वाकून कुदळीने ढेकळं फोडत होत्या.

“नांगर नाय लावत?” नेहाने विचारलं.

“टिलर खालच्या शेतात फिरतो. हितं चढत नाय,” रोशनी म्हणाली.

“पण रेडा चढतो ना!”

रोशनीने चाल वाढवली.

आणि मग पाड्याच्या अलीकडे, कुडाच्या कुंपणाआडून, तो आवाज आला. छुन्. छुन् छुन्. पितळेची, मुगाच्या वड्याएवढी घुंगरं! नेहाने तो आवाज हजारांत ओळखला असता. ती रोशनीला मागे टाकून पळत सुटली. “बघ! आहेत! सगळे आहेत!” कुंपणाची काठी तिने स्वतःच सरकवली.

आत पाच शेळ्या होत्या.

लाल दोरे विटून मातकट झाले होते, पण दोरे तेच. गाठीही तिच्याच, दुहेरी, वर एक फासा. एका शेळीने मान झटकली. छुन्.

नेहा उभी राहिली. तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की घुंगरं चोरली! रेड्यांच्या गळ्यातली काढून शेळ्यांना! ती तोंड उघडणार तेवढ्यात झोपडीतून गोजरआजी बाहेर आली. वाळकी, उंच, कासोटा घातलेलं लुगडं. रोशनीची आजी. नेहाला बघितलं आणि तिचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला, जणू घरात कोणी मोठं माणूस आलं.

“जयरामची पोर ना गो तू? बस बाय, बस. पानी देते.”

“गोजरआजी, आमचे रेडे कुठेत?”

गोजरआजीने नातीकडे पाहिलं. रोशनीने खाली.

“तू सांगितलंस?” गोजरआजी म्हणाली.

“नाय. सांगायचं नाय अशी शपथ व्हती. मी फक्त तिला विचाराया लावलं.”

गोजरआजी शेळ्यांच्या शेजारी दगडावर बसली. नेहाला वाटलं, आता ही सांगेल, वरच्या रानात चरायला गेलेत. सांग ना. रानात गेलेत म्हण.

“एक बी नाय ऱ्हायला गो पोरी.”

“विकले?”

“छे! तुमच्या घरचं दान इकीन काय मी?” म्हातारीचा आवाज चढला, आणि लगेच उतरला. “मेली. कोन दोन दिसांनी, कोन चार दिसांनी. एक आठ दिस व्हता, भोपळ्या म्हनून पोरांनी सांगितलं त्याचं नाव. तो चांगला बोट चोखायचा.”

भोपळ्या. तो ती सहावीत असतानाचा. त्याच्यानंतर सात-आठ तरी झाले होते.

“पण का? आजारी होती का सगळी?”

“पोटात चीक नाय ना जात त्यांच्या.” गोजरआजी हे इतक्या साधेपणाने बोलली की नेहाला आधी कळलंच नाही. “व्यालेल्या म्हशीचा पयल्या दिसाचा चीक पोटात गेला तं रेडकू उभं ऱ्हातं. नाय गेला तं हगवन लागते, मंग काय बी पाजा. मी पेज पाजली. शेळीचं दूध पाजलं. हरेशनं मुरबाडावरनं अवशद आनलं. तुजा आजा पाठवायचा तवा सव्वा महिना आईपाशी ठेवून पाठवायचा. सवताच्या पायांनी ओढा उतरून येयाचं रेडकू! तो कपाळावर ठिपकावाला, चवदा वर्सं नांगर वडला त्यानं. आता तुमच्याकडं पावनं येतात. खरवस लागतो.”

शेळीने पुन्हा मान झटकली.

नेहाच्या पोटात दोन वाट्या खरवस होता. गुळाचा, वेलचीचा. तो तिथे आहे हे तिला अचानक फार स्पष्ट कळलं. आईची पहिली माया. हे वाक्य तिने स्वतः बनवलं होतं. तालुक्याच्या स्टेजवर, छातीवर हात ठेवून, ती ते म्हणाली होती, आणि त्या वेळी गोठ्यात कोणाचं तरी रेडकू दाव्याला बांधलेलं, तोंडाला जाळी लावलेलं, आईपासून चार हातांवर. जाळी तिने रोज बघितली होती. रोज! माती खाऊ नये म्हणून लावतात, असं कोणीतरी सांगितलं, आणि तिनेही पाहुण्यांना तेच सांगितलं.

“तुम्ही बाबांना का नाही बोललात?” तिचा आवाज पुन्हा गेल्या वर्षीसारखा झाला होता, पहिल्या बाकापर्यंत न पोचणारा.

“काय बोलू? कुक्कू लावून, नारळ देऊन पाठवतात. माज्या हातात येऊन मरतंय म्हनायची लाज वाटं. पाड्यावर बोलाया लागली, गोजरच्या हाताला जनावर लागत नाय.” तिने झोपडीमागच्या करवंदीच्या जाळीकडे हात केला. “थितं पुरली सगळी. नारळासकट. दानाचा नारळ खायाचा कसा? घुंगरं तेवडी ठेवली. चांगली व्हती, मातीत कशाला घालायची म्हनून शेळ्यांना बांधली.” मग पुढे वाकून ती एका शेळीच्या गळ्यातली गाठ सोडवू लागली. “घे बाय. तुजीच हायेत.”

“नको,” नेहा म्हणाली. “आजी, नको ना.”

म्हातारीची बोटं गाठीवर तशीच राहिली. दुहेरी गाठ होती. सुटतही नव्हती.

परतीच्या वाटेवर नेहा पुढे होती, रोशनी मागे. ओढ्यापाशी रोशनीच म्हणाली, “माज्यावर रागावली काय?”

“तू आधी का नाय सांगितलंस?”

“मी सांगितलं असतं तं कोन ऐकनार? रोशनी वाट्या विसळती. तुजं सगळी ऐकतात. माईकवर.” मग थोडं थांबून, “आज एक झालाय ना तुमच्याकडं? उद्या बाबाला न्यायचाय.”

सरदार!

नेहा ओढ्यातून बूट न काढताच पलीकडे गेली आणि पळत सुटली.

मांडव रिकामा होता. खुर्च्या एकावर एक चढवलेल्या. गोठ्यात बाबा चंद्रीच्या कासेशी बसलेले, बादलीत पिवळ्याधमक चिकाची धार पडत होती. घट्ट, आवाजच न करणारी धार. ओट्यावर आईने संध्याकाळच्या पार्सलसाठी डबे मांडून ठेवले होते. आणि पलीकडच्या खुंट्याला सरदार. बसलेला. सकाळी तो चार पायांवर उभा राहायला धडपडत होता, आता मान जमिनीवर टाकून होता. तोंडाला जाळी.

नेहाने आधी जाळी काढली. मग दावं सोडलं. त्याच्या पोटाखाली दोन्ही हात घालून तिने त्याला उचलायला बघितलं, पण तो तिच्याइतकाच जड निघाला, तेव्हा ती त्याला ढकलत, ओढत चंद्रीकडे न्यायला लागली.

“ए ए ए, काय करतेस!” बाबा म्हणाले. “धार चाललीय.”

“उठा तुम्ही तिथून.”

“नेहा!”

“उठा ना, बाबा! पाच शेळ्या आहेत तिकडे. फक्त शेळ्या!” आणि मग तिला रडू फुटलं, इतकं जोरात की चंद्रीने पाय उचलला आणि बादली लवंडली. पिवळा चीक शेणावरून, फरशीवरून, नाल्याकडे वाहत गेला. रडता रडताच तिने सगळं सांगितलं. करवंदीची जाळी, नारळ, पेज, बोट चोखणारा भोपळ्या.

बाबा उभे राहिले. हात लुंगीला पुसले. पुन्हा पुसले. “गोजर कवाच कायी बोलली नाय,” ते म्हणाले. “दर बारीला हसून न्हेतात. मला वाटलं, पेजेवर वाढत आसतील.”

“तुम्हाला वाटलं?”

“वाटलं म्हंजे... इचारलं नाय.”

आई डब्यांपाशी उभी होती. ती म्हणाली, “मला ठाऊक व्हतं.” दोघंही तिच्याकडे बघायला लागले. “कोनी सांगितलं नव्हतं. पन पहिल्या दिवसाचं लेकरू आईवेगळं जगंल कसं? मी बी इचारलं नाय. इचारलं असतं तर मग खरवस कसा केला असता?”

काठीचा आवाज आला. टक. टक. आजोबा गोठ्याच्या पायरीवर होते. एका हाताने चौकट धरून त्यांनी आधी एक पाय खाली टाकला, मग दुसरा. सहा-सात वर्षांनी. ते सरळ सरदारपाशी आले, वाकता येत नव्हतं तर काठीच्या आधाराने हळूहळू जमिनीवरच बसले, शेणात, धुतलेल्या धोतरासकट.

“जयराम. सव्वा महिना सांगितला व्हता ना रे मी तुला?”

“दादा, आधी सव्वा महिनाच ठेवत व्हतो. मंग पंधरा दिवस. मंग पावनं वाढलं...”

“पहिल्या दिसाला?” आजोबा म्हणाले. “पहिल्या दिसाला?” ते पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिले. मांडवात बसून त्यांनी किती रविवार त्या शब्दाच्या टाळ्या घेतल्या होत्या, नेहाइतक्याच. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

नेहाने चंद्रीच्या सडाला बोट लावलं, चिकाने भरलेलं बोट सरदारच्या तोंडात घातलं. जीभ गार होती. काही नाही. पुन्हा. पुन्हा. आजोबांनी त्याची हनुवटी तळहातावर धरली. “मागनं टेकू दे,” ते म्हणाले आणि बाबा, ज्यांचं नाव कोणी घेतलं नव्हतं, खाली बसले आणि त्यांनी त्याचं मागचं अंग उचलून धरलं. चंद्रीने मान वळवून हुंगलं, हंबरली. बोटाला एक बारीकशी ओढ लागली. इतकी बारीक, की नेहाला वाटलं भास झाला. मग दुसरी. तिने बोट काढून सड पुढे केला.

छुन्, घुंगरू वाजलं. थांबलं. छुन्.

“उशीर झालाय गो,” आई जवळ येऊन म्हणाली. “पहाटेचा जन्म. आता पाच वाजत आले.”

नेहाने डोळे दंडाला पुसले. हात सडावरून काढला नाही. आवाज मात्र परत आला होता, माईक नव्हता तरी गोठ्याच्या टोकापर्यंत जाणारा.

“आई, बाबा, मी ठरवलंय. पुढल्या रविवारी खरवस नाय. डबे उचलून ठेव. शाळेच्या आधी आणि शाळेतून आल्यावर याला मी पाजणार, आणि सव्वा महिन्याने हा सवताच्या पायांनी ओढा उतरून वरच्या पाड्याला जाणार. मी बरोबर जाणार, आणि बाबा, तुम्ही पण येणार, गोजरआजीसमोर उभं राहायला. आणि आजोबांना जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर पुढल्या रविवारी मीच देणार. सगळ्यांसमोर.”

बाबांनी रेडकाचं अंग तसंच धरून ठेवलं होतं. मान वर न करता त्यांनी विचारलं, “आणि नाय जगला तर?”

“तर तेही सांगणार,” नेहा म्हणाली. “माईकवर.”